चार भिंतींच्या मधोमध

आमच्या घराण्यातलं कुठलंही लग्न घ्या, पंगत बसली की एक दृश्य ठरलेलं. मांडवाच्या बरोब्बर मधोमध, वाढप्यांच्या वाटेत, आमची शकुताई उभी असते आणि जागच्या जागी हळूहळू फिरत असते.

"वरण इकडं आलंच नाई... काहून रे, तुह्या पानात कढी तशीच हाये... मामाजी, तुमी बसा, उठू नका... पाणी कोणाकडं हाये?"

चारी दिशांना एकेक वाक्य, की पुन्हा पहिली दिशा. घरात नव्यानं आलेल्या सुनांना वाटतं, बाईंना घेरी येते आहे. एकीनं तर धावत जाऊन कांदा फोडून आणला होता. ताईनं तो कांदा घेतला, अर्धी फिरली आणि ज्याच्या पानात कांदा नव्हता त्याला वाढून मोकळी झाली.

ही घेरी तिला शाळेनं लावली. शकुताई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची मुलगी. पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढं एका लहानशा गावात ती सरकारी शाळेवर बाई आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा पाहुणे सुरू होतील आणि ताई मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. पाहुण्यांचा काय ताप, ते पुढं येईलच.

माझं म्हणाल तर भंडाऱ्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शिक्षणक्षेत्राला माझं योगदान एवढंच, की ताईच्या प्रश्नांच्या कागदांच्या प्रती मी काढतो आणि मोटरसायकलवर नेऊन देतो. त्याही तिरक्या निघतात. तिची पोरं अलीकडं मान तिरकी करूनच वाचायला लागली आहेत, असं ती चारचौघांत सांगते. शिवाय मला गोष्टी फुगवून सांगायची खोड आहे. मी बोलायला लागलो की माझी बायको शेजारी बसून, जिथं फुगवलं तिथं खोकते. या लेखात तिचा खोकला ऐकू येणार नाही, पण मी सांभाळूनच लिहितो आहे.

तर शाळा. दोन खोल्या. एकीच्या छपराची कवेलू खाली आलेली, म्हणून तिच्यात खिचडीचे तांदूळ. दुसरीत पहिली ते चौथी. पूर्वी दोन मास्तर होते. दुसरे गुरुजी निवृत्त झाले, गावानं त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली ती झालीच. वरून निरोप आला, "येईल कोणीतरी." ते कोणीतरी आजपर्यंत आलेलं नाही.

एका बाईनं चार वर्ग कसे हाकायचे? रूढ पद्धत अशी, की एका वर्गाला शिकवायचं आणि बाकीच्या तिघांना "पाच ओळी लिहा" म्हणून बसवायचं. ताईनं ती करून पाहिली. "एकीकडं तोंड केलं का तीनीकडं बाजार," ती म्हणायची. मग एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं भाटव्यांना कामाला लावलं. भाटवे म्हणजे आमच्याकडं मोठ्या बहिणीचे यजमान. मोहाडीला एका सरकारी कचेरीत कारकून. लहान चणीचे, टक्कल पडलेले आणि इतकं हळू बोलणारे, की त्यांनी हाक मारल्याचं कळेपर्यंत ते स्वतःच निघून गेलेले असत. तर त्यांनी मोहाडीच्या बाजारातून काळ्या रंगाचा डबा घेतला, मांडीवर धरून दोन एस्ट्या बदलून आणला आणि बायकोच्या शाळेच्या चारी भिंती, मुलांच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत, स्वतःच्या हातानं काळ्या केल्या. "आपलं तोंड आपणच काळं केलं गुन्या, ते त्या दिवशी," असं ते मला पुढं म्हणाले. पण त्या दिवशी मात्र बिचारे खुशीत होते.

चार भिंती, चार वर्ग. पोरं आपापल्या भिंतीकडं तोंड करून, एकमेकांना पाठ देऊन बसायची आणि मधोमध ताई. पहिलीला अक्षर, वळली की दुसरीला बेरीज, वळली की तिसरीची कविता, वळली की चौथीचा भागाकार. चौथीच्या भिंतीतच दार होतं, त्यामुळं मोठा भागाकार दारावर जाई, आणि मध्येच कुणी दार उघडलं तर बाकी अंगणात निघून जाई. मधल्या फरशीवर तिच्या टाचांनी एक गोल खळगा पडला आहे. इथं बायको खोकेल, पण खळगा आहे. मी त्यात पाणी साचलेलं पाहिलं आहे.

पाठीमागच्या पोरांनी गडबड केली तर ती वळायची नाही. नुसती म्हणायची, "ज्याच्याकडं माही पाठ, त्याच्याकडं माहा कान." आणि खरंच असे. तिसरीच्या कवितेत बुडालेली असताना पाठीमागं पहिलीतलं एखादं पोर 'घ'ला 'ध' म्हणालं की तिसरीच्या भिंतीकडं बघतच ती म्हणायची, "घोड्याचा घ, बापा. पुन्हा म्हण."

पोरं वाचायला लागली. नुसती ओळखीची पानं घोकणारी नव्हेत. बाजारातून पुडी बांधून आलेला कागदसुद्धा वाचणारी. पण ताई ताईच्या जागी आणि भाटवे मोहाडीला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कधी ती एस्टीनं जायची, कधी हे यायचे. भाटवे स्वयंपाक शिकले. मी एकदा मोहाडीला जेवलो. वांग्याची भाजी होती, उत्तम होती. मी तोंडभर कौतुक केलं तर म्हणाले, "दोन दिवस पुरते. भाजी पुरते. बोलणं नाई पुरत." मी पुढचा घास घेतला.

अशी वर्षं गेली आणि ताईची बदली झाली. मोहाडी तालुक्यात, घरापासून सायकलनं जाता येईल अशी शाळा. आदेशात कारण छापलं होतं, 'पती-पत्नी एकत्रीकरण'. आम्ही भंडाऱ्यात पेढे वाटले. भाटव्यांनी कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला, आतून पुसून वर्तमानपत्र अंथरलं. ताईनं गावातल्या भाड्याच्या खोलीत ट्रंक भरली. मग आदेशाची शेवटची ओळ कुणीतरी वाचली. तिच्या जागी दुसरा शिक्षक हजर झाल्यावरच हिला कार्यमुक्त करावं, अशी.

म्हणजे ज्या खुर्चीवर इतकी वर्षं कोणी आलं नाही, त्या खुर्चीवर कोणी आलं की ताईची सुटका.

ट्रंक भरलेलीच राहिली. ताई रोज सकाळी तिच्यातून लुगडं काढायची आणि धुऊन वाळलेलं घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायची. "कपाटात काहून नाई ठेवत?" मी विचारलं. "कपाटात ठेवलं का राहिली म्हणतील," ती म्हणाली.

आमच्या भागात शिक्षक मिळत नसला की गाव एक गोष्ट करतं. शाळेला कुलूप ठोकतं. मग शिक्षण खात्याचे साहेब येतात, कागदावर आश्वासन देतात, कुलूप उघडतं, आणि कधीकधी खरंच मास्तर येतो. शाळा समितीचे अध्यक्ष देवरावभाऊ धान पिकवणारे गृहस्थ, आवाज दणकट, स्वभाव मऊ. त्यांच्या ओसरीवरच्या बैठकीत ताईच म्हणाली, "लावा कुलूप. माही हरकत नाई. दुसरा माणूस आल्याबिगर मी सुटत नाई, अन् मी गेली का तुमची शाळा सुटते. कसंबी करा, माणूस आणा."

सोमवार ठरला. ताईनं पोरांना सांगून टाकलं, शाळा बंद. मीही कागद द्यायला म्हणून मुद्दाम त्याच दिवशी निघालो. आंदोलन बघायची हौस, दुसरं काय.

पोचलो तर शाळेपुढं गाव जमलेलं. देवरावभाऊंनी दाराला साखळी घातली, बाजारातून आणलेलं नवंकोरं कुलूप लावलं, "शिक्षक द्या, नाहीतर शाळा घ्या" अशी आरोळी ठोकली आणि आता माघार नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून किल्ली शेजारच्या बोडीत भिरकावली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. किल्ली बुडाल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा दाराच्या आतून आवाज आला.

"देवरावभाऊ, बोडीत का फेकलं जी?"

सगळ्यांनी दाराकडं माना वळवल्या.

"मॅडम?" देवरावभाऊ दाराशी वाकले. "तुमी अंदर हाय का?"

"मंग कोण बोलून राहिलं? भिंती पुसायले आली होती मी. सवय हाये, पाय आपोआप येतेत. किल्ली फेकली का?"

"फेकली."

"दुसरी आणा मंग. जोडीची."

देवरावभाऊंनी टोपी काढली. "दोनी किल्ल्या एकाच तारेत होत्या जी. नवं कुलूप हाये."

मी खिडकीशी गेलो. ताई खोलीच्या मधोमध, आपल्या खळग्यात उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. मग गंभीर झाली. कुलूप तोडलं तर आंदोलन फसतं, साहेब अर्ध्या वाटेतून परततात, हे तिलाही ठाऊक होतं आणि देवरावभाऊंनाही. "राहू द्या," ती म्हणाली. "साहेब येईपर्यंत बसते मी. बंद म्हणजे बंद."

ती बसली. भिंतीला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. तिला असं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या बसण्यावर सगळं अवलंबून होतं. साहेबांना बंद शाळा दिसायला हवी होती. बिनआवाजाची, बिनपोरांची, बिनबाईची.

पण पोरं आली. गंमत बघायला. चेहरे खिडक्यांना लागले. पहिलीतली एक पोरगी गज धरून म्हणाली, "मॅडम, आज तुमी 'ळ' शिकवणार होत्या ना?"

"आज शाळा बंद हाये, माय."

"मंग तुमी काहून शाळेत हाय?"

ताईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग हातातल्या फडक्याकडं. आणि उठली.

"पहिलीवाले इकडं नको, तिसरीच्या खिडकीत जा! समोरची भिंत दिसली पाहिजे. तिसरी, तुमी पहिलीच्या. दुसरी, तुमी आपल्याच खिडकीत राहा, तुमच्याकडून चौथीची भिंत दिसते, तिच्यावरच लिहिते बेरजा. चौथी दारापाशी!"

पोरं शाळेभोवती धावली आणि खिडक्याखिडक्यांतून आत बघू लागली. आत ताई फिरू लागली. तीन बाजूंना खिडक्या आणि चौथ्या बाजूला साखळीनं बांधलेल्या दाराची फट. फटीपाशी चौथीची पोरं आणि त्यांच्यामागं, कुलपाची राखण करायला बसलेले देवरावभाऊ.

"मॅडम, बंद हाय म्हटलं ना!" ते कळवळून म्हणाले.

"बंदच हाये. कुलूप नाई दिसत का?" आतून उत्तर आलं. "अन् तुमी मधात बोलू नका, भागाकार चालू हाये."

थोड्या वेळानं पाहतो तर देवरावभाऊ मातीत बोटानं तोच भागाकार करत होते.

साहेब आले. गाडी बोडीच्या पाळीवर उभी राहिली. उतरले, बघत राहिले. कुलूप लावलेली शाळा, खिडक्यांना लटकलेली पोरं, एका सुरात पाढे, आणि आत एक बाई गरगर फिरते आहे. साहेब वाईट नव्हते. त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी मोबाइल काढला, चारी बाजूंनी फोटो घेतले आणि देवरावभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "अहो, हे तर मी कुठंच पाहिलं नाही!"

"साहेब, दुसरा शिक्षक..." देवरावभाऊ म्हणाले.

"देऊ, देऊ. पण आधी हे सगळ्यांना दाखवलं पाहिजे."

लोहाराला बोलावून साखळीची कडी कापली. फोटो गावोगावच्या शिक्षकांच्या मोबाइलवर पोचले. माझ्या बायकोलाही कुणीतरी पाठवले, म्हणून या प्रसंगाला ती खोकत नाही. पंधरवड्यात ताईला पवनीला बोलावून शाल घातली. भाषणात एक वाक्य होतं: मनात असलं तर एक शिक्षकसुद्धा पुरतो. समोर बसलेल्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, त्या जरा सुस्तच. भाटवे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी वाजवल्या नाहीत.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "शकू, तुले नुसतं बसायचं होतं."

"पोट्टीनं विचारलं न जी," ताई म्हणाली. शाल तिनं हातावर अशी धरली होती, जशी ओली झाली आहे.

मग पाहुणे. गाड्या भरभरून. 'चार भिंती' बघायला. कुणी भिंत मोजे, कुणी खळग्यात उभं राहून फोटो काढी. एका पाहुण्यानं स्वतः फिरून पाहिलं आणि खरीच घेरी येऊन दुसरीच्या पोरांवर पडला. एक दिवस पलीकडच्या तालुक्यातल्या अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना दुसरीकडं हलवलं होतं. तिकडं एका बाईंना जमतं, तुम्हालाही जमेल, असं तिथले साहेब म्हणाले होते. त्या बाई रागावल्यासुद्धा नाहीत. फक्त विचारलं, "ताई, तुमचे पाय नाही दुखत?" त्या दिवशी ताई जेवली नाही.

त्यानंतर तिनं ठरवलं, वाईट शिकवायचं. हसू नका, तिनं खरंच ठरवलं होतं. "पुढच्या खेपेले साहेब आले का मी एकाच भिंतीकडं तोंड करून बसते. बाकीचा होऊ दे बाजार. दिसू दे त्यायले, माणूस कमी पडून राहिला हाये ते." मला मुद्दाम बोलावलं. "तू साक्षीले राहा. तसंही तुले बघत उभं राहणं चांगलं जमते."

साहेब आले. ताई स्टूल ओढून पहिलीच्या भिंतीकडं तोंड करून बसली. पाठ ताठ. मी दारात उभा राहून बाजाराची वाट बघत होतो. तिसरीतला एक पोरगा उठला, दुसरीच्या भिंतीशी गेला आणि बेरजा तपासू लागला. चौथीतल्या एका पोरीनं तिसरीची कविता सुरू करून दिली आणि परत येऊन स्वतःचा भागाकार धरला. इतकी वर्षं बाईंची पाठ बघून बघून ती पोरं पाठीवरच शिकली होती. आवाज होता तो कामाचा. ताईची पाठ हळूहळू वाकत गेली.

साहेब हरखून म्हणाले, "मॅडम, आता तर तुम्ही नसलात तरी शाळा चालेल!"

ताई स्टुलावरच गर्रकन वळली. "मंग सोडा न मले, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. "तुम्हाला सोडलं तर हे कोण बघणार?"

त्या रविवारी ताई मोहाडीला गेली नाही. पायांना तेल लावून पडून राहिली. सोमवारी भिंती पुसायला गेली.

पुढची गोष्ट भाटव्यांची. त्यांनी नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना निवृत्ती मागून घेतली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असेल, पण ऐकू आलं नसेल. एक पिशवी आणि स्वतःचा तवा घेऊन ते गावात राहायला आले. पहिले काही दिवस शाळेच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे. ताईनं एकदा दारातून डोकं बाहेर काढलं, म्हणाली, "पेपर नंतर वाचा. पहिलीले जरा बाराखडी घ्या, माहा घसा बसला हाये." ते आत गेले. मग रोजच जाऊ लागले. कुठल्याच दप्तरात त्यांचं नाव नाही. साहेबांच्या हिशेबी शाळेला अजून एकच बाई आहे आणि ती पुरते आहे.

परवा कागद द्यायला गेलो होतो. दाराच्या कापलेल्या साखळीत ते कुलूप अजून लटकतं आहे, तसंच बंद. दार ढकललं तर चौथीचा भागाकार हलेल म्हणून मी खिडकीशी थांबलो. मधल्या खळग्यात दोघं पाठीला पाठ लावून उभी होती. हे पहिलीच्या भिंतीकडं, ती तिसरीच्या. आदेशात छापलं होतं तसं एकत्रीकरण झालं होतं. भाटव्यांनी न बघता हात मागं केला, ताईनं न बघता त्यात खडू ठेवला, आणि दोघं आपापल्या भिंतीशी गेली.

"क, का, कि," भाटवे भिंतीवर लिहीत होते. पोरं मागून म्हणत होती. मध्येच, पोरांच्या गलक्यात, भिंतीकडं तोंड करून, ते आपल्या त्या आवाजात म्हणाले, "मोहाडीचं घर किरायानं देऊन टाकतो म्हणतो."

मला ऐकू आलं, कारण मी खिडकीला कान लावूनच उभा होतो. पोरांना काही कळलं नाही. ताईचा तिसरीच्या भिंतीवरचा खडू थांबला. एका ओळीच्या मध्येच, शब्द अर्धा.

मग तिनं तो शब्द पुरा केला. मान वळवली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि दुसरीच्या भिंतीकडं वळली.